साडी हातमागाची, सूत कुणाचे?

सहावारी सुती साडीत सूत किती जाते, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. पंचेचाळीस इंच पन्हा, साडेपाच मीटर लांबी आणि इंचाला पन्नास उभे, पन्नास आडवे धागे अशी साधी वीण धरली, तर उभ्या धाग्यांना सव्वाबारा-साडेबारा किलोमीटर आणि आडव्यांना जवळपास तेवढेच सूत लागते. म्हणजे एका साडीत पंचवीस किलोमीटर. हे सूत चर्चगेटच्या फलाटावरून रुळांच्या कडेने उलगडत नेले तर अंधेरीच्या पुढे जाईल, नऊवारीचे तर दहिसर ओलांडेल.

आता हेच सूत एका चातीच्या चरख्यावर कातायचे म्हटले, तर हात बसलेल्या माणसाकडूनही तासाला चारशे मीटरच्या आसपासच निघते. एका साडीला साठ-बासष्ट तास. रोज आठ तास बैठक मारली तरी आठवडा जातो. यात सरकी काढणे, कापूस पिंजणे, पेळू वळणे हे काहीच धरलेले नाही. त्यानंतर ताणा लावायचा, खळ द्यायची, कांड्या भरायच्या. माग एकदा चालू लागला की साधी साडी दोन-तीन दिवसांत उतरते. कापडाला लागणारा वेळ असा मुख्यतः सुतात असतो.

हातमागाबद्दल आज जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात मात्र हे सूत जवळजवळ दिसतच नाही. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन साजरा होतो, प्रदर्शने भरतात, विणकराचा फोटो छापला जातो. गिऱ्हाईक साडी हातात घेऊन ती हातमागाची आहे ना, असे विचारते. सूत कुठले, कुणी कातलेले, असे विचारणारे क्वचितच कोणी भेटते. विचारले तर उत्तर बहुधा एकच असते : गिरणीचे. हातमागावरचे बहुतेक सुती कापड गिरणीच्या सुताचे असते. त्यात फसवणूक नाही, लपवाछपवीही नाही, कायद्यालाही ते मान्य आहे. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याच्या दृष्टीने यंत्रमाग नसलेला माग तो हातमाग, त्यावर चढलेले सूत कुठूनही आलेले चालते. हातकताईची अट आहे ती फक्त खादीला. १९५६ च्या खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यात खादी म्हणजे भारतात हाताने कातलेल्या सुताचे, भारतातच हातमागावर विणलेले कापड, अशी व्याख्या आहे.

विणकराचा हात टिकून राहिला आणि कातणारीचा हात सुटला. असे का झाले, कुठे कुठे ती अजून कातते आहे, आणि ‘संथ’ कारागिरीच्या सध्याच्या कौतुकात तिच्या वाट्याला काय येते, हे पाहिल्याशिवाय या विषयाचा आढावा पुरा होत नाही.

कातणे म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. एका हाताने पेळू हळूहळू मागे ओढायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचे. तंतू एकमेकांवरून घसरत लांबतात आणि त्याच वेळी चातीकडून पीळ चढत येतो. पिळाचा स्वभाव असा, की तो आधी बारीक जागी जाऊन बसतो. बारीक जागा घट्ट होते आणि जिथे जाड गाठोडे राहिले आहे तिथले तंतू अजून सैल असतात, त्यामुळे ओढ दिली की नेमके तेच लांबतात. धागा असा थोडा आपला आपणच सारखा होत जातो. कातणाऱ्याचे कौशल्य पिळाला किती वाव द्यायचा, एवढे बोटांना कळण्यात आहे. पीळ कमी पडला तर धागा सुटतो, जास्त झाला तर वळ्या पडतात. हे सांगून शिकवता येत नाही. शाळेत टकळी फिरवलेल्या पिढीला ते अजून आठवत असेल : पहिले काही दिवस नुसता तुटका कापूस, आणि मग एके दिवशी हात भरून न तुटलेला तार.

मराठीत ‘सावकाश’ आणि ‘संथ’ असे दोन शब्द वेगाबद्दल बोलतात. ‘निगुतीने’ हा तिसरा शब्द वेगाबद्दल नाहीच. तो लक्ष कुठे आहे ते सांगतो. कताईला हा तिसरा शब्द शोभतो, कारण चांगली कातणारी बाई मुळीच हळू कातत नाही. तिचे चाक भराभर फिरते. वेळ लागतो तो सूत लांबच लांब असते म्हणून.

एका विणकराचा माग चालता ठेवायला चार, सहा, कधी आठ कातणाऱ्या लागत. जुन्या हिंदुस्थानात ही कामाची विभागणी गावोगाव होती, आणि कातणाऱ्या बहुतेक बायका होत्या, त्यातही विधवा आणि म्हाताऱ्या पुष्कळ. १८२८ साली बंगालमधल्या ‘समाचार दर्पण’ या पत्रात एका सूत कातणाऱ्या विधवेचे पत्र छापून आले होते. कताईच्या कमाईवर तिने सासऱ्याचे श्राद्ध केले, मुलींची लग्ने लावून दिली. आणि आता विलायती सूत बाजारात आल्यापासून तिचे सूत कोणी घेत नव्हते. माग बंद पडण्याच्या कितीतरी आधी चरखा बंद पडला, याचा इतका थेट पुरावा दुसरा सापडणे कठीण.

कारण सरळ होते. सूत गठ्ठ्यांनी जहाजात भरून पाठवता येते. विणकराच्या दृष्टीने गिरणीचे सूत स्वस्त, एकसारखे आणि कमी तुटणारे, म्हणजे दिवसाला चार बोटे कापड जास्त. त्याने ते घेतले, याचा त्याला दोष देता येत नाही. पुढे १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली, १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि विलायतेहून येणारे सूत इथेच निघू लागले. वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईला जाऊ लागला. गिरण्यांच्या यंत्रांना लांब धाग्याचा कापूस मानवतो, म्हणून आखूड धाग्याच्या देशी वाणांना मागे सारून अमेरिकी वाणांना बळ मिळाले. हाताच्या बोटांना मात्र हा आखूड, किंचित खरखरीत देशी कापूस चांगलाच जमतो. बी बदलले, त्याबरोबर चरख्याचा कच्चा मालही शेतातून उठला.

गांधीजींच्या आत्मकथेत या गोष्टीचा एक फार बोलका अनुभव आहे. ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी हातमाग आणि चरख्याची बाजू मांडली, तेव्हा त्यांनी चरखा पाहिल्याचेही त्यांना आठवत नव्हते. अहमदाबादच्या आश्रमात आधी माग आले. कापड विणायचे, तेच घालायचे, असे ठरले, पण सूत गिरण्यांचे. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आले, की अशाने आश्रम म्हणजे सूतगिरण्यांचा बिनपगारी अडत्या होतो आहे. मग चरख्याचा शोध सुरू झाला. गंगाबेन मजमुदार यांना तो बडोदा संस्थानातल्या विजापूर गावी सापडला. घराघरांत माळ्यावर टाकून दिलेले चरखे होते. पेळू पुरवले आणि सूत विकत घेतले तर आम्ही कातू, असे बायका म्हणाल्या. पेळू कोणी दिले? उमर सोबानी यांनी, आपल्या गिरणीतून. तेही मनाला पटेना, म्हणून पिंजारी शोधला गेला. माग, मग सूत, मग पेळू, मग पिंजणे : एकेक पायरी मागे गेल्याशिवाय स्वावलंबन पुरे होत नाही, हे त्या दोन वर्षांत ध्यानात आले. शंभर वर्षांनंतरही खादीची अडचण याच पायऱ्यांवर आहे.

१९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. चार वर्षांनी, खेड्यात दुरुस्त होईल असा, कमी श्रमात जास्त सूत देणारा चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. चरख्याला ‘जुने ते सोने’ म्हणून कवटाळून बसणारी ही चळवळ नव्हती, हे त्या रकमेवरून दिसते. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी सुधारलेला, मिटून पेटीसारखा काखेत मारता येणारा चरखा रूढ झाला. आजही तो येरवडा चरखा किंवा पेटी चरखा म्हणूनच ओळखला जातो.

मजुरीचा प्रश्न मात्र पेटीत मिटून ठेवण्यासारखा नव्हता. १९३० च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी रोज आठ-नऊ तास कातून चरखा संघाच्या दराने मिळेल तेवढ्याच मजुरीत जगण्याचा प्रयोग केला. ती मजुरी माणसाला पुरेशी नाही, हे स्वतःच्या पोटावर सिद्ध झाले. कातणारीला जगण्यापुरते मिळालेच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, अशी भूमिका गांधीजींनी १९३५ मध्ये घेतली आणि चरखा संघाने कताईचे दर वाढवले. खादीच्या इतिहासातले हे पान कमी वाचले जाते. स्वस्त कापडासाठी कातणारीला उपाशी ठेवणे आणि गिऱ्हाइकाला जास्त किंमत मोजायला लावणे, यांत संघाने दुसरे निवडले.

वर्ध्यात या काळाच्या खुणा पायी हिंडून पाहता येतात. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ १९३८ च्या डिसेंबरात उघडलेल्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार मांडले आहेत, आणि त्याच संस्थेतर्फे सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादीही बनते. १९३४ पासूनचे ग्राम सेवा मंडळ गोपुरीत आहे. तिथे चरखे बनतात आणि कापसापासून कापडापर्यंतची कामे एका आवारात चालतात. सेवाग्रामच्या नई तालीमने तर टकळीलाच पाठ्यपुस्तक केले होते. सूत मोजताना गणित, कापूस ओळखताना शेती, अशी ती शाळा.

स्वातंत्र्यानंतर तमिळनाडूच्या एकांबरनाथ यांनी अनेक चात्यांचा चरखा तयार केला. त्यांच्याच नावावरून तो अंबर चरखा झाला. आजची बहुतेक खादी त्याच्या सुधारलेल्या, आठ-आठ चात्यांच्या रूपावर निघते. हाताने फिरवायचा, पण सूत ओढण्याचे काम रुळांचे. बोटांकडे राहते ते तुटलेला तार जोडणे. पेळूही आता घरी वळले जात नाहीत. चित्रदुर्गसारख्या ठिकाणच्या खादी आयोगाच्या केंद्रांत यंत्रांवर पेळू तयार होतात आणि तिथून संस्थांना जातात. विजापूरच्या माळ्यावरून निघालेली वाट फिरून उमर सोबानींच्या गिरणीपाशी आली, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चूक नाही. तरीही ही तडजोड हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि त्याचे कारण आकड्यांत आहे.

खादीच्या हिशेबात सूत गुंडीवर मोजतात. पूर्वी चार फुटांचे ६४० तार म्हणजे एक गुंडी. आता हजार मीटर. १ एप्रिल २०२५ पासून चरख्यावरच्या कताईला गुंडीमागे १५ रुपये मिळतात, त्याआधी साडेबारा होते. आठ चात्यांच्या चरख्यावर दिवसाकाठी काही मजुरी पदरात पडू शकते. एका चातीच्या पेटी चरख्यावर एका गुंडीला अडीच तास लागतात. म्हणजे तासाला सहा रुपये. सुरुवातीच्या हिशेबातली साडी पंचवीस गुंड्यांची. तिच्या कताईची मजुरी ३७५ रुपये होते. ज्या कामात साडीचा सर्वांत जास्त वेळ गेला, त्याची किंमत शहरातल्या दुकानात त्या साडीच्या पिशवीत सहज हरवून जाते.

राष्ट्रध्वजाची गोष्ट याच ओघात येते. अनेक दशके ध्वज हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या कापडाचाच असावा, असा दंडक होता. हुबळीजवळच्या बेंगेरीची संस्था आणि नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही त्यासाठी ओळखली जाणारी नावे. ध्वजाचे कापड साधे वाटते, पण धाग्यांची संख्या, वजन, रंग सगळे ठरवून दिलेले असते आणि जरा इकडेतिकडे झाले तर माल परत येतो. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाली. घराघरांवर झेंडा लागावा हा हेतू समजू शकतो. पण हातकताईला बांधून मिळालेले एक हक्काचे गिऱ्हाईक त्यामुळे सैल झाले, आणि ही किंमत कोणी मोजली ते नोंदले गेले पाहिजे.

रेशमाकडे वळले की प्रश्नाचे रूप बदलते. रेशमाचे सूत माणूस कातत नाही. किडा ते एकसलग काढून ठेवतो, एका कोशात शेकडो मीटर. माणसाने फक्त उलगडायचे आणि पीळ द्यायचा. येवल्याच्या पैठणीचे रेशीम कर्नाटकातून येते, जर सुरतेहून. पैठणीचा सगळा जीव म्हणूनच मागावर आहे. तिथे ज्या प्रकारचा वेळ जातो, तसा क्वचितच दुसऱ्या विणकामात जात असेल.

पदरावरच्या एका मोरात सात-आठ रंग असतील तर तेवढ्या कांड्या उभ्या धाग्यांवर लोंबत असतात. विणकर आडवा धागा पूर्ण पन्ह्यातून फेकत नाही. हिरव्याची हद्द संपते तिथे हिरव्याची कांडी थांबते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकते आणि मागे फिरते. एका ओळीत असे कितीतरी थांबे. ताण्याखाली नक्षीचा कागद असतो, पण मुरलेल्या विणकराला तोही फारसा पाहावा लागत नाही. या अडकवण्यामुळेच पैठणीची उलटी बाजू सुलटीसारखी दिसते, धागे मागे लोंबत नाहीत. अस्सल पैठणी ओळखायची तर पदर उलटा करून पाहावा, हा येवल्यातला साधा सल्ला आहे. आसावली, बांगडी मोर, मुनिया ही नावे आज यंत्रमागावरच्या साड्यांवरही छापील सहजतेने दिसतात, म्हणून हा सल्ला पाळण्यासारखा आहे. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण दुकानातल्या गिऱ्हाइकाने साडी उलटली नाही तर मानांकनाचा काय उपयोग?

पैठणीच्या घरातही न दिसणारे हात आहेतच. लडी उकलणे, कांड्या भरणे, आणि सगळ्यांत किचकट म्हणजे संपत आलेल्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा चिमटीत पिळून जोडणे. हजारो धागे, हजारो चिमट्या. हे काम बहुधा बायका करतात आणि साडीवर विणकर म्हणून नाव लागते ते मागावर बसणाऱ्याचे. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशभरात ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार मोजले गेले आणि त्यांतल्या सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. दहा वर्षांपूर्वीच्या गणनेत एकूण आकडा ४३ लाख ३१ हजार होता. याच नव्या गणनेत दोन-तृतीयांश विणकर घरांचे मासिक उत्पन्न पाच हजारांच्या आत होते. हातमागाबद्दल बोलताना हे आकडे बाजूला ठेवून पुढे जाता येणार नाही.

महाराष्ट्रात हाताने कातलेले सूत आजवर सलगपणे कुठे टिकले असेल, तर ते घोंगडीत. पुनरुज्जीवनाची चळवळ नाही, संस्था नाही, घोषणा नाही. धनगरवाड्यातल्या बायका दख्खनी मेंढीची लोकर कातत राहिल्या आणि सणगर ती विणत राहिले. कातरलेली लोकर पिंजायची, चरख्यावर जाडसर सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. ही खळ घरात देता येत नाही. ताणा मोकळ्या जागेत लांबच लांब पसरून कुंच्याने खळ चोपडतात आणि उन्हात वाळवतात. पावसाळ्यात हे काम ठप्प होते. नव्या घोंगडीचा तो कडकपणा आणि वास या चिंचोक्याचा. वापरून, धुऊन ती मऊ होते. दख्खनी मेंढीची लोकर केसाळ आणि भरड असते, त्यामुळे पाऊस तिच्यात चटकन मुरत नाही, वरून निथळून जातो. डोक्यावरून घोंगता करून उभा असलेला मेंढपाळ पावसात तास न् तास राहू शकतो तो यामुळे. पण एकदा पुरती भिजली की ही घोंगडी लवकर वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला मराठीने ‘भिजत घोंगडे’ म्हटले ते काही उगीच नाही.

आता लोकरच उरते आहे आणि घेणारा नाही. स्वस्त, कारखान्यातल्या रजया आणि ब्लँकेटे बाजारभर झाली. मेंढीपालनाचा पैसा मटणात आहे, म्हणून माडग्याळसारख्या, अंगावर लोकर कमी असलेल्या मेंढ्यांकडे कल वाढला. कातरणीची मजुरी लोकरीच्या भावातून निघत नाही, तेव्हा मेंढपाळ ती टाकून देतो. पट्टणकोडोलीसारख्या गावांत घोंगडीचे माग अजून आहेत, आणि विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत घोंगडीला देवाच्या कामातला मान आहे. ओवी गाणाऱ्याच्या खांद्यावर ती असतेच. पण मानाच्या घोंगड्यांवर शेकडो घरे चालत नाहीत. देशी लोकरीच्या या स्थितीवरचा ‘देसी ऊन’ हा, लोकरीनेच घडवलेला अॅनिमेशनपट २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आनसी महोत्सवात पुरस्कार घेऊन आला. दख्खनच्या माळावरची मेंढी तिथवर पोचली, हे समाधान थोडे नाही. तरी लोकरीला किलोमागे भाव मिळाला तर कातणारी पुन्हा बसेल, एवढा रोकडा प्रश्न पडद्यावर सुटत नाही.

हाताने होते ते सगळे जपण्यासारखे, असे मात्र नाही. विदर्भातल्या करवत काठी साडीचे टसर रेशीम पूर्व विदर्भाच्या जंगलात, ऐनाच्या झाडांवर पोसलेल्या कोशांतून येते. टसरचा कोश जुन्या पद्धतीने उलगडताना बाई जमिनीवर बसते, उघड्या मांडीवर धागे वळून पीळ देते. भागलपूरपासून छत्तीसगडपर्यंत पिढ्यान् पिढ्या हे चालले. मांडीची कातडी सोलवटते, जखमा होतात, बैठकीने कंबर जाते, आणि मजुरी नगण्य. केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाची यंत्रे देऊन ही पद्धत बंद करण्याचे ठरवले, ते योग्यच होते. मांडीवरच्या धाग्याला एक वेगळा, रांगडा पोत असतो हे खरे, आणि काही डिझायनरांना त्याची हळहळही वाटते. पण तो पोत बाईच्या कातडीतून येत असेल तर त्याचे कौतुक करायला कोणालाही तोंड असू नये. चरखा आणि मांडी, दोन्ही ‘हाताचे काम’ म्हणून एका यादीत घालणाऱ्या लेखांनी हा फरक पुसून टाकला आहे.

बाहेर पाहिले तर हीच कोडी वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवलेली दिसतात. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरचे हॅरिस ट्वीड आधी हाताने कातलेल्या लोकरीचेच असे. १९३४ मध्ये गिरणीच्या सुताला परवानगी दिली गेली आणि कताई संपली. पण १९९३ च्या कायद्याने विणकाम मात्र बेटावरच्या विणकरानेच, त्याच्या घरीच करायचे, अशी पक्की अट घातली. अर्धे सोडून अर्धे वाचवण्याचा तो सौदा होता, आणि वाचवलेले अर्धे खरोखर वाचले. आंध्र प्रदेशातल्या पोंदुरूची वाट उलटी. तिथे डोंगरी कापूस अजून वालुगा माशाच्या जबड्याच्या दातेरी फणीने विंचरतात आणि एका चातीच्या चरख्यावर शंभर नंबरापर्यंतचे बारीक सूत काढतात. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या ‘खमीर’ने पावसावर येणाऱ्या ‘काला’ या देशी कापसाची शेतकऱ्यापासून विणकरापर्यंत साखळी जुळवली. ढाक्याच्या मलमलीसाठी तर बांगलादेशाने लुप्त मानलेल्या फुटी कापसाचा माग काढण्यापासून सुरुवात केली. पोंदुरू, कच्छ आणि ढाका या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे : बियाण्यापर्यंत मागे गेलेल्यांनाच सुताचे काही करता आले.

गोव्यातली कुणबी साडी यात थोडक्यात सांगण्यासारखी. तांबड्या चौकड्यांची ही आखूड साडी वापरातून जात चालली होती. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास ती पुन्हा विणून घेतली आणि लोकांसमोर आणली. साडी परतली, पण विणकर घरे त्या वेगाने परतलेली नाहीत.

शहरांत मात्र गेल्या काही वर्षांत कताई-विणाई नव्याने आवडू लागली आहे. पुण्यामुंबईत, बंगळूरूत, परदेशातल्या मराठी घरांतही टकळी किंवा छोटा माग विकत घेणारे लोक आहेत. जपानमध्ये मिसाओ जो या बाईंनी १९६८ च्या सुमारास, वयाची पन्नाशी उलटल्यावर विणायला सुरुवात केली आणि ‘साओरी’ ही विणकामाची तऱ्हा निर्माण केली. वीण चुकली तर ती चूक नाहीच, तो विणणाऱ्याचा हात, असे त्या मानत. शारीरिक वा मानसिक अडचणी असलेल्यांसाठीही त्या मागांचा उपयोग होतो. हा ओढा खरा आहे, आणि त्याला शौक म्हणून उडवून लावणे अन्यायाचे ठरेल. दिवसभर पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या बोटांतून वीतभर सूत निघते, तेव्हा त्याला अंगावरच्या शर्टात किती तास आहेत हे पहिल्यांदाच कळते. एवढे कळण्यासाठी तरी एक पेळू कातून पाहावा.

पण शौकाने कातणाऱ्याचा वेळ त्याचा स्वतःचा असतो. तो हवे तेव्हा उठतो. गुंडीवर मजुरी घेणारीला उठता येत नाही. या दोन तासांना एकच नाव दिले की दुसऱ्या तासाची किंमत दिसेनाशी होते. हातमाग मार्क २००६ मध्ये आला, खादी मार्क २०१३ मध्ये. पहिला मागाबद्दल बोलतो, दुसरा माग आणि चरखा दोन्हींबद्दल. गुंडीला काय दर दिला, चरखा किती चात्यांचा, पेळू कुठून आले, लोकर कुठल्या मेंढीची, हे दोन्हींत नाही. हातमागाच्या सुतासाठीही देशाचे धोरण अजून गिरणीकडेच पाहते : गिरण्यांनी आपल्या सुताचा ठरावीक वाटा लड्यांच्या रूपात काढावा, असा नियम आहे, आणि तो वाटाही २०१९ मध्ये ४० टक्क्यांवरून ३० वर आणला गेला. सुताचे भाव चढले की विणकराचा माग थांबतो तो इथे.

समजा, उद्या कताईचा दर दुप्पट केला, गुंडीला १५ चे ३० रुपये. पंचवीस गुंड्यांच्या त्या साडीत कातणारीच्या हाती ३७५ ऐवजी ७५० रुपये पडतील. मधल्या संस्थांची आणि दुकानाची टक्केवारी तेवढ्यावर चढली, तरी साडी चार-सहाशे रुपयांनी महाग होईल.